हळू केलेली मारामारी

त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. नारायणगावात त्यांना मानणारी माणसं आहेत, शिव्या घालणारी त्याहून जास्त आहेत. दोन्हीकडचे माझ्याजवळ येऊन मन मोकळं करतात, कारण दोघांनाही वाटतं मी त्यांच्या बाजूची. मी कुणाच्याच बाजूची नाही. मी माझ्या नवऱ्याच्या बाजूची.

सगळे त्यांना चाचा म्हणायचे. घर मुसलमान पिंजाऱ्यांचं, जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांच्या भावांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. चाचा मात्र तरुणपणी वेल्डिंग शिकले आणि सिंगापूरला जहाजाच्या कारखान्यात गेले. तिथं परांचीवरून पडून कंबर मोडून घेतली. कामगारांच्या खोल्यांसमोर एक बाग होती, आणि त्या बागेत एक चिनी म्हातारा रोज सकाळी हळूहळू हातपाय हलवत उभा असायचा. लंगडत निघालेल्या या वेल्डरला त्यानं दंडाला धरून आपल्या शेजारी उभं केलं. चाचा तिथं होते तोवर रोज त्याच्यापाशी शिकत राहिले. परदेशातून माणसं सोनं आणतात, टीव्ही आणतात. चाचा त्या म्हाताऱ्याची विद्या घेऊन आले, ताई ची.

नारायणगावच्या बाहेर हायवेला लागून एक लॉन्स आहे, लग्नांसाठीचं. लग्न नसेल त्या सकाळी मालक त्यांना हिरवळ वापरू द्यायचा. चाचा जुन्नरहून पहिल्या एसटीनं यायचे आणि आधी झाडू घ्यायचे. आदल्या दिवशीच्या अक्षता, चुरगळलेली फुलं, चमकीचे कागद गोळा करताना तोंड चालूच असायचं. कुणाचं लग्न, कुणाचा डीजे, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. झाडून झालं की पायातल्या चपला काढायचे आणि आम्हालाही काढायला लावायचे. बूट घालून आलेल्याला तर आतच घेत नसत. "बुटात पाय बहिरा व्हतो," म्हणायचे.

तू-तुम्ही त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांची बायको असो नाहीतर पंचायतीचा सदस्य, सगळे तू. कुणी 'गुरुजी' म्हटलं की खवळायचे. "मी वेल्डर हाय. गुरुजी शाळंत असत्यात." एकदा एका हौशी बाईनं बासरीचं संगीत लावायला छोटा स्पीकर आणला. पहिला सूर निघाल्याबरोबर चाचांनी तो उचलला आणि झाडांना पाणी घालायच्या बादलीत टाकला. "लगीन हाय का हितं?" ती बाई रडत गेली, परत आली नाही. ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

ते शिकवायचे त्या हालचालींना त्यांनी स्वतःच मराठी नावं ठेवली होती. चिमणीची शेपटी धरा. ढग सारा. माकड हाकला. नावं ऐकून नवीन आलेली माणसं फिदीफिदी हसायची, आणि हसली की बाहेर. कुणी म्हणालं, "चाचा, म्हाताऱ्यांचा व्यायाम चांगला आहे हा," तर त्यांचा चेहरा लाल व्हायचा. "व्यायाम न्हाई हा. मारामारी हाय. हळू केलेली मारामारी." डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "कुणाशी?" तर म्हणाले, "पडशील तवा कळंल."

आम्ही तिथं गेलो ते माझ्या नवऱ्यामुळे. यांचा टोमॅटोचा मळा, मोटर, बाजार, सगळं धावपळीचं आयुष्य. पन्नाशी ओलांडली आणि उजवा हात थरथरायला लागला. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. आमच्याकडे त्याला कंपवात म्हणतात. पण हात थरथरतो एवढंच त्यात नसतं. पाय जमिनीला चिकटतात. दारातून बाहेर पडायचं म्हटलं तर माणूस उंबऱ्यापाशी खिळ्यासारखा उभा राहतो. वळायला गेला की पडतो. आवाज बारीक होत जातो, चेहरा हलेनासा होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा माणूस रुसलाय. हे रुसणारे नव्हतेच कधी. हे गावात हसवणारे म्हणून माहीत होते. थरथरणारा हात ते कायम खिशात घालून ठेवायचे, बोलताना, जेवायला बसेपर्यंत. मी यांना हाताला धरून फिरवायला लागले. उठताना धर, बसताना धर, पायरीला धर. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या चालू ठेवा आणि तोल राखायला काहीतरी शिका, ताई ची मिळालं तर उत्तम. नारायणगावात ताई ची कुठून मिळणार, असं म्हणत होतो, तर ते हायवेवर मिळालं.

पहिल्या दिवशी चाचांनी यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सोड त्याला."

मी म्हटलं, "पडतील ते."

"मग पडू दे. सोड."

मी सोडला दंड. चाचा यांच्यासमोर आले, उघडा पंजा छातीवर टेकवला आणि ढकललं. हे सरळ मागं हिरवळीवर आडवे झाले. माझ्या हातात पिशवी होती, आत पाण्याची भरलेली बाटली. ती पिशवी मी चाचांच्या पाठीत घातली. एकदा नाही, सुचेल तेवढ्या वेळा. बाकीचे सगळे बघत उभे. चाचा न हलता मार खात होते आणि यांना सांगत होते, "हनुवटी छातीला लाव. डोकं मागं जाऊ देऊ नको. कुशीवर वळ. हां. आता गुडघा." हे गुडघ्यावर आले, मग उभे राहिले. कुणाचाही हात न धरता. आजारपण लागल्यापासून पहिल्यांदा.

"पडायचं आधी शिकायचं," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "झालं का तुझं?"

झालं नव्हतं. घरी येताना मी जीपमध्ये ठरवून टाकलं होतं की परत पाय ठेवायचा नाही. पण हे त्या बारीक आवाजात म्हणाले, "उद्या लवकर निघू." दुसऱ्या दिवशी लवकर निघालो.

ते ओरडायचे. यांच्यावर सगळ्यात जास्त. मान ताठ का, श्वास कुठं अडकवलास, डोळे पायाकडं कशाला, पाय काय पळून जाणार हायत का. मी कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दातओठ खात असायचे. आजारी माणसाशी असं बोलतात का? एकदा मी सरळ विचारलं. म्हणाले, "सगळा गाव ह्याच्याशी आजारी म्हणून बोलतोय. एक मी न्हाई." ते उत्तर मला पटलं आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

माकड हाकला म्हणजे मागं मागं जात केलेली हालचाल. एक तळवा पुढं सारायचा, दुसरा कमरेपाशी, आणि त्याच वेळी पाऊल मागं, आधी बोट टेकवायचं, मग टाच, मग वजन. यांच्यासारख्या माणसाला मागं पाऊल टाकणं हे सगळ्यात अवघड. हे दरवेळी मागं कलंडायचे. चाचा पाठीशी उभे राहायचे, पण धरायचे नाहीत. महिने गेले त्यात. मी वैतागून म्हणायचे, हे एक सोडून द्या की, बाकीचं येतंय. ते ऐकायचे नाहीत.

थंडीत ऊसतोड सुरू झाली आणि बिबटे मळ्यांत फिरायला लागले. आमच्याकडे लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. त्या दिवशी उजाडताना आली तेव्हा हे मला न सांगता मोटर चालू करायला निघाले. मी ओट्यावर चूल पेटवत होते. मान वर केली तर हे शेताच्या बांधापाशी थांबलेले. मला वाटलं, पाय चिकटले असतील. मग मला पलीकडचा बांध दिसला. त्यावर बिबट्या बसला होता. कुत्र्यासारखा, पुढचे पाय जुळवून, यांच्याकडे बघत.

यांना वळून पळणं शक्यच नव्हतं, वळले असते तर पडले असते, आणि पडलेल्या माणसाचं बिबट्या काय करतो ते आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. हे वळले नाहीत. यांनी एक तळवा पुढं केला. पाऊल मागं टाकलं. बोट, टाच, वजन. मग दुसरा तळवा. दुसरं पाऊल. हळू, अगदी लॉन्सवर करायचे तसं. तोंड बिबट्याकडे. त्या ओबडधोबड पायवाटेवरून हे एकदाही न अडखळता मागं मागं येत राहिले, आणि बिबट्या बसून बघत राहिला. मग त्याला कंटाळा आला असावा. उठला, आळस दिला आणि उसात शिरला. हे ओट्याला पाठ टेकेपर्यंत थांबले नाहीत. पाठ टेकली आणि मग पाय गेले. मी यांना धरलं आणि दोघंही खाली बसलो. हे हसत होते. तो न हलणारा चेहरा हसत होता.

चाचांना सांगितलं तर त्यांनी शाबासकी दिली नाही. असले खवळले की बाकीचे लोक दूर झाले. "एकटा कशाला गेलता? अक्कल हाय का? मी तुला माकड शिकवलं, वाघ न्हाई!" मग यांच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले, बराच वेळ.

गोष्ट इथं संपली असती तर आज मी त्यांना चांगलं म्हटलं असतं. पण ती गावभर झाली. कुणीतरी मोबाईलवरच्या बातम्यांत टाकली. 'कंपवातावर मात, बिबट्यालाही परतवले!' लॉन्सच्या मालकाला त्या दिवसांत पुढारी व्हायचे डोहाळे लागले होते. त्यानं सत्कार ठरवला. हायवेवर फ्लेक्स लागला, त्यावर हात जोडलेला मालक मोठा, चाचा लहान, आणि यांचा लग्नातला जुना फोटो कुठून मिळवला देव जाणे. चाचा यायला तयार नव्हते. यांनी गळ घातली. यांना हौस होती, खोटं कशाला बोलू. आजारी पडल्यापासून यांना कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं.

माणसं आली ती नुसती नारायणगावची नाहीत. मंचर, घोडेगाव, आंबेगावच्या वरच्या खेड्यांतून जीप भरून आली. कुणाचा बाप थरथरतोय, कुणाच्या सासूला लकवा, कुणाचं पोर जन्मापासून उभं राहिलं नाही. त्यांना कुणी काय सांगितलं होतं ते त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं. एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या बापाला यांच्यासारखंच होतं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, हे शिकल्यावर गोळ्या बंद केल्या तरी चालतंय ना? आमी कालपासून बंद केल्यात." मी तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालकाचा आवाज स्पीकरमधून घुमला, "आणि आज भाऊ ठणठणीत बरे होऊन आपल्यासमोर उभे आहेत!" टाळ्यांत माझं बोलणं बुडालं.

चाचा आमच्या मागंच उभे होते. त्यांनी त्या बाईचं बोलणं ऐकलं होतं. ते तसेच चालत स्टेजवर गेले आणि मालकाच्या हातातून माईक काढून घेतला.

"खोटं बोलतोय हा. ह्यो बरा झाल्याला न्हाई. व्हणार बी न्हाई. गोळ्या बंद करणार असाल तर घरी जाऊन रडायची तयारी करा."

इथं ते थांबले असते तर मी उठून उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते थांबले नाहीत. हे शेजारी उभे होते, नवा सदरा, गळ्यात हार, उजवा हात खिशात. चाचांनी तो हात मनगटाला धरून खिशातून बाहेर ओढला आणि माईकसमोर वर धरला. "बघा! बघा सगळ्यांनी!"

तो हात माईकला लागत होता. टक टक टक असा आवाज सगळ्या लॉन्सभर होत होता. हे मान खाली घालून उभे होते. गर्दीत पहिल्या रांगेत यांच्या बाजारातले सगळे व्यापारी बसले होते.

त्या बाईनं बापाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या का, मला माहीत नाही. केल्या असाव्यात. चाचा खरं बोलले होते, बोलायलाच हवं होतं, आणि दुसरं कुणी बोललं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो हात त्यांचा नव्हता. स्वतःच्या तोंडानं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. माझ्या माणसाचा हात कशाला लागला त्यांना?

दुसऱ्या दिवशी लॉन्सच्या फाटकाला कुलूप होतं. मालक बाहेर खुर्ची टाकून बसलेला. रोजची शिकणारी माणसं घोळक्यानं उभी. कुणी म्हणत होतं, बरं झालं, चायनाचंच ते, आपल्या योगात काय कमी आहे. मालक म्हणाला, "वहिनी, तुमचा अपमान केला त्यानं. आमी शांत बसणार न्हाई. ह्या लोकांचा काय भरोसा असतोय का? जातच तसली."

मला असं वाटलं की माझ्या घरातलं काहीतरी या माणसानं उचलून रस्त्यावर आणलंय. मी म्हटलं, "कुठल्या लोकांचा? खोटं बोललात तुम्ही. ठणठणीत बरे म्हणालात तुम्ही. त्यांच्यावरचा राग माझा आहे, तो मी काढीन. त्याच्याआडून तुमचा काढू नका. कुलूप उघडा."

"जागा माझी हाय, वहिनी."

"आणि माणसं कुणाची? काल फोटोसाठी पाहिजे होती तेव्हा?"

त्यानं उघडलं नाही. घोळक्यातलं कुणी पुढं आलं नाही. काल ज्या माणसाच्या नरड्याला हात घालावासा वाटत होता, आज त्याच्यासाठी मी हायवेवर भांडत होते. याचाही राग मी चाचांवरच धरला.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, आमच्या मळ्यात पत्र्याची शेड आहे, पुढं मोकळं अंगण आहे, तिथं शिकवा. माझा तुमच्यावर राग आहे तो राहील, पण यांचं थांबायला नको. ते म्हणाले, "न्हाई," आणि फोन ठेवला. चार दिवसांनी कळलं की ते जुन्नर सोडून घाटाकडच्या मढ गावी बहिणीकडे राहायला गेले. यांना एका शब्दानं सांगितलं नाही.

हे रोज सकाळी अंगणात अनवाणी उभे राहायचे. पहिल्या पहिल्यांदा सगळं करायचे. मग निम्मं. मग नुसते उभे. उन्हाळा संपेपर्यंत यांना पुन्हा उंबरा ओलांडायला माझा हात लागायला लागला. एका सकाळी यांनी चपलाच काढल्या नाहीत. मी यांना जीपमध्ये घातलं आणि मढला नेलं.

चाचा बहिणीच्या अंगणात लाकडं फोडत होते. आम्हाला पाहून कुऱ्हाड खाली ठेवली. मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या सुरू केलं. गावानं तुम्हाला हाकललं, मग गावावर चिडायचं. यांनी काय केलं होतं? सहा महिने ओरडून ओरडून उभं केलंत आणि फोन ठेवून निघून गेलात? त्यांची बहीण दारात येऊन उभी राहिली. चाचांनी फोडलेली लाकडं रचायला घेतली. मला उलट त्यांचं ओरडणं हवं होतं, म्हणजे मला आणखी ओरडता आलं असतं.

तेवढ्यात हे बोलले. आवाज एवढा बारीक की चाचांना जवळ यावं लागलं.

"माजा हात व्हता," हे म्हणाले. "मला इचारायचं."

मग पुढचं बोलायला यांना वेळ लागला. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. चाचा वाकून, यांच्या तोंडाकडे कान लावून थांबले होते.

"मी सोता वर केला असता," हे म्हणाले.

चाचा सरळ झाले. मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. "चुकलो," म्हणाले. "त्या बाईचं ऐकलं आन् डोकं गेलं. तुला इचारायला पायजे व्हतं. आन् मग तोंड दावायची हिंमत न्हाई झाली. त्याच्यात माज न्हवता, शरम व्हती." हे मला उद्देशून होतं. मी मान फिरवली. कारण कळलं म्हणून राग जातो असं मला कुणी शिकवलेलं नाही.

हे वाकून चपला काढायला लागले. वाकताना कलंडले, मी पुढं झाले, चाचांनी मला हातानं अडवलं. हे पडले नाहीत. चपला काढल्या आणि उभे राहिले.

तेव्हापासून दर मंगळवारी मढला जायचं ठरलं. ते दोघं अंगणात, मी त्यांच्या बहिणीपाशी चुलीजवळ. ती मला विचारायची, "अजून बोलत नाही त्याच्याशी?" मी म्हणायचे, नाही. ती चहा द्यायची. तिचंही त्यांच्याशी फारसं पटत नव्हतं असं दिसलं.

आजार पुढं सरकतोच. तो काही त्यांच्या ओरडण्याला घाबरत नाही. यंदा यांना उभं राहून फार वेळ करता येईना, तेव्हा चाचांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि स्वतःही बसून करायला लागले, गुडघ्याला गुडघा लावून. या पावसाळ्यात यांना ताप आला आणि अंगातलं बळ गेलं. जीपचा प्रवास सोसेना. मी मढला निरोप धाडला की आता येणं होणार नाही. धाडताना मला रडू आलं. तेही त्यांच्यामुळेच, असं मी मनाशी म्हटलं.

मंगळवारी सकाळी पाऊस लागून राहिला होता. दारावर थापा पडल्या. शेजारी एवढ्या जोरात दार वाजवत नाहीत. उघडलं तर चाचा, डोक्यावर खताची रिकामी गोणी, कमरेपासून खाली चिंब. मढहून एसटीनं आले होते आणि फाट्यापासून चिखलातून चालत. लंगडणं पावसात जास्तच दिसत होतं.

"उशीर झाला," म्हणाले. "कुठं हाय त्यो?"

मी या म्हटलं नाही. बसा म्हटलं नाही. दारातून बाजूला झाले. त्यांनी चपला काढल्या, चिखलाचे पाय ओट्यावर पागोळीखाली धुतले, आणि आत गेले. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं आतून त्यांचं ओरडणं ऐकू आलं, आणि त्यामागोमाग यांचं, बारीक आवाजातलं, उलट ओरडणं.